झोपेची शर्त

“मौलानासाहेब, जिला रात्रभर झोपच येत नाही, तिची तहज्जुद होते का?”

प्रश्न माझा नव्हता. डिंपल आणि रंजीताचा होता. पण मदरशाच्या अंगणात, पडद्याआडून, अख्ख्या जमातीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तो विचारला मी. कारण पैज म्हणजे पैज.

झालं असं की तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. चामोर्शीच्या चौकात लाऊडस्पीकरवर बोलले मी, समोर तहसीलदार बसलेले, आणि एक शब्द अडकला नाही. त्याआधी हजेरीला ‘येस सर’ म्हणतानासुद्धा माझ्या तोंडून आवाज निघायचा नाही. आता सरच म्हणायचे, “शगुफ्ता, जरा दुसऱ्यांनापण बोलू दे बाई.”

एक दिवस मधल्या सुट्टीत आम्ही तिघी शाळेच्या हापशीवर डबे धूत होतो. डिंपल ढिवरांची, तिचे बाबा आमच्या घरामागच्या तलावात मासे धरतात. रंजीता जवळच्या खेड्यावरून सायकलने येते, तिच्या घरी धानाची शेती.

“काय व शगू,” डिंपल म्हणाली, “आमचे बाबा रातच्याले जाळं टाकून येते तवाबी तुह्या घरी दिवा दिसते, अन् पहाटंच्यानं काढाले जाते तवाबी दिवा. तुही अम्मी झोपते कवा?”

मला अशी संधी हवीच असते. ओला डबा माईकसारखा धरून मी सांगितलं की आमच्यात पाच वेळची नमाज सगळ्यांनाच पढावी लागते. पण तहज्जुद ही आपल्या खुशीची. नाही पढली तरी गुन्हा नाही, म्हणूनच तिची किंमत मोठी. आधी झोपायचं. मग सगळं जग घोरत असताना उठायचं, वुजू करायचं, म्हणजे हात, तोंड, पाय धुवायचे, आणि अल्लाहपुढे उभं राहायचं. त्या वेळी मागितलेलं वाया जात नाही, असं अम्मी म्हणते.

“थांब, थांब,” रंजीता म्हणाली. तिचं गणित चांगलं आहे. “आंधी झोपाचं, मंग उठाचं?”

“हो.”

“अन् तुही अम्मी तं झोपतच नाई. मंग ते उठते कशी?”

डिंपलने लगेच धागा पकडला. “हाव नं! ज्याले भूकच नाई त्यानं एकादशी केली तं त्याले काऊन पुण्य भेटन? अन्न सोडलंच कुठी त्यानं?”

मी माईकसारखा धरलेला डबा खाली घेतला. मला गप्प बसलेलं बघायची दोघींना सवय राहिली नव्हती, त्यामुळे त्यांना फारच मजा आली.

“तुमच्या जलश्याले मोठे मौलाना येऊन राह्यले नं नागपूरवरून? त्यायलेच विचार,” डिंपल म्हणाली. “का तहसीलदारापुढंच शेर हायेस?”

“विचारीन. सगळ्यांसमोर विचारीन.”

“चिठ्ठीवर नाई हं. तोंडानं.”

“तोंडानं!”

अम्मी का झोपत नाही, हे दोघींना माहीत होतं. म्हणून तेवढं त्यांनी विचारलं नाही.

इर्शादभाई माझा मोठा भाऊ. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तो एका ठेकेदाराकडे तेंदूपत्त्याच्या फळीवर मुंशी म्हणून गेला. फळी म्हणजे जंगलातली मोकळी जागा, गावचे लोक पानांची पुडकी तिथं आणून देतात आणि मुंशी ती उन्हात वाळत घालून घेतो. एटापल्लीच्या पुढं कुठंतरी होती ती. अब्बा पिंजारी, गाद्या भरतात. भाईला ते काम आवडायचं नाही. “कापूस खाऊन मरण्यापेक्षा जंगलातली हवा खातो,” म्हणून हसत गेला.

पाऊस लागायच्या आधी सगळे मुंशी परत आले. भाई आला नाही. ठेकेदार म्हणाला, तो तर आधीच निघाला. ट्रकवाला म्हणाला, मी त्याला बसवलंच नाही. मग लोकांची तोंडं सुरू झाली. आतल्यांनी, म्हणजे जंगलातल्या नक्षल्यांनी, नेला. नाही, स्वतःच आत गेला. काही नाही हो, सिरोंच्याहून नदी ओलांडून आंध्रात गेला असेल, तिकडं बायको केली असेल. अब्बा ठाण्यात गेले, फळीवर गेले, गडचिरोलीला साहेबांकडे गेले. सगळीकडे त्यांना बसायला दिलं, पाणी दिलं आणि घरी जा म्हणून सांगितलं.

तेव्हापासून अम्मीची झोप गेली. सुरुवातीला ती आडवी तरी व्हायची. कुत्रं भुंकलं की उठून दार उघडायची, कोणी नसायचं, पुन्हा पडायची. मग म्हणाली, उघड्या डोळ्यांनी पडून राहण्यापेक्षा उभं राहून मागितलेलं बरं. अख्खी चामोर्शी अब्बांच्या गाद्यांवर झोपते आणि आमच्या घरात अम्मी मुसल्ल्यावर जागी. मुसल्ला म्हणजे नमाजची चटई. तिच्या कपाळाला काळा डाग पडला होता. दिवसा भाकरी थापताना तिचे हात मध्येच थांबायचे आणि तव्यावरची भाकरी जळायची. पण ती खचली नव्हती, हे मला सांगायचं आहे. तिला वाटायचं, ती एक काम करते आहे. मोठं काम. रोज थोडं थोडं होत असलेलं.

तर जलशाचा, म्हणजे मदरशातल्या प्रवचनाचा दिवस. अम्मी माझ्याशेजारीच बसली होती. बायकांचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून पडद्यापलीकडे द्यायची पद्धत. चिठ्ठ्या संपल्या आणि मी उभी राहिले. मागून कोणीतरी ओढणी ओढली. मी विचारून टाकलं.

अंगणातल्या माना पडद्याकडे वळल्या. मग मौलाना हसले, माईकमधून ते हसू केवढं तरी मोठं आलं. “माशाअल्लाह! बेटीचा आवाज माझ्या माईकपेक्षा बरा आहे.” पुरुषांकडून हसण्याची लाट आली. माझी मान ताठ. मग ते सावकाश सांगू लागले. “तहज्जुद म्हणजेच झोप सोडणं. झोपावं आणि उठावं, ही तिची शर्त आहे. जो झोपलाच नाही, त्याची ती तहज्जुद नाही होत. मात्र…”

आणि लाईन गेली.

चामोर्शीत लाईन जाणं म्हणजे काय नवीन! पोरांनी किंकाळ्या मारल्या, बायकांनी आपापली लेकरं चाचपून पाहिली, कोणाच्या तरी पाण्याचा तांब्या सांडला. पडद्यापलीकडे मौलाना बिनमाईकचं काहीतरी बोलत होते. आमच्याकडे नुसती गुणगुण आली. पेट्रोमॅक्स पेटेपर्यंत शेवटची दुआ सुरू झाली होती.

मी खूश. पैज जिंकले होते. सोमवारी शाळेत कसं सांगायचं, याची वाक्यं डोक्यात जुळवत मी अम्मीबरोबर घरी निघाले. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही. चांभाराच्या दुकानापर्यंत झपझप चालत राहिली. मग थांबली.

“एकही नाही?” ती म्हणाली. “इतक्या रात्रींतली एकही नाही?”

“काय अम्मी?”

“एकही तहज्जुद नाही झाली माझी.”

घरात आम्ही आमची ‘मेरेको-तेरेको’वाली हिंदी बोलतो, पण हे शब्द मला कुठल्याही भाषेत लिहिताना सारखेच जड जातात. मी, तालुक्यात पहिली आलेली, नुसती तिची ओढणी खांद्यावर सरळ करत राहिले.

पण पुढे तिने जे केलं ते मी कधी कल्पिलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. दोन उन्हाळ्यांत मी तसा चेहरा पाहिला नव्हता.

“म्हणून!” ती म्हणाली आणि माझं मनगट घट्ट धरलं. “म्हणून नाही आला तो, शगू! मी चुकीचं पढत होते. अरे अल्लाह, मीच वेडी! आता नीट पढीन. झोपून उठून पढीन. मग बघ.”

अब्बा आमच्या मागून येत होते. त्यांनी ऐकलं. ते पावलं हळू करून मागेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात झोपेची तयारी सुरू झाली, लग्नाची असते तशी. शेजारच्या कलाबाईंना अम्मीने विचारलं, झोप येण्यासाठी काय करतात. कलाबाई डिंपलची मोठी आई लागते, तिच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यावर औषध असतं.

“खसखस वाटून दुधात घे, जुलेखाबाई. तळपायाले तेल चोळ. अन् त्यानंबी नाई झालं तं…” तिने इकडं तिकडं पाहिलं, “मोहाची घोटभर. मेल्यासारखी झोपशीन.”

“तोबा, तोबा! दारू पिऊन नमाज?”

“मंग नमाज उठल्यावर पढतेस नं व माय! दारू तं झोपाच्या आंधी.”

अम्मी हसली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मी पळत जाऊन अब्बांना सांगितलं, अम्मी हसली. अब्बा त्या वेळी एक लग्नाची गादी शिवत होते. सुई तशीच खोचून ठेवली त्यांनी. संध्याकाळी जिवतीकडचा चांगला कापूस घेऊन आले आणि अम्मीसाठी गादी भरायला बसले. आमच्या स्वतःच्या घरात इतकी वर्षं फाटक्या सतरंज्या होत्या. पिंजाऱ्याच्या घरी गादी नसते, हे सगळ्यांना माहीत आहे.

अम्मी त्या ढगासारख्या गादीवर पडली. डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या. परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नापुढे बसावं तशी ती झोपेपुढे बसली होती. खसखस झाली, तेल झालं, कांदा झाला. सकाळी डोळे तसेच लाल.

“आता पढत पण नाही मी,” ती मला म्हणाली. “उभी राहिले तर कायमची झोप उडेल. नुसती पडते. हे काय आयुष्य आहे? ना झोप, ना नमाज.”

मग गोळ्या आल्या. बस स्टँडकडच्या एका मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय. पहिल्या रात्री गोळीने तिला असं उचलून नेलं की ती उठली तेव्हा ऊन तिच्या गादीवर आलं होतं. तहज्जुद गेली ती गेलीच, पहाटेची फर्ज, म्हणजे पढावीच लागणारी, नमाजसुद्धा गेली. ती गादीवर बसून छाती पिटत रडली. आयुष्यात तिने पहाटेची नमाज सोडली नव्हती, बाळंतपणाचे आणि पाळीचे दिवस सोडले तर.

“अर्धी घे,” मी म्हणाले. हो, मीच म्हणाले. मला तोपर्यंत ते सगळं एखाद्या कोड्यासारखं वाटत होतं, सुटेल असं.

आणि सुटलं! एका सकाळी मी उठले तर चुलीवर शेवया. अम्मीने नवी ओढणी घेतली होती. डोळ्यांत काजळ.

“झाली,” ती कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर पळून जाईल. “झोपले मी. खरी झोपले. मग आपोआप जाग आली. वुजू केलं. पढले. शगू, अशी शांतता होती. मी इर्शादचं नाव घेतलं आणि मला वाटलं कोणीतरी ऐकतंय.”

मी नाचले. अंगणात, बकरीसमोर नाचले. शाळेत जाऊन डिंपल आणि रंजीताला सांगितलं. डिंपलने तिच्या डब्यातला आख्खा तळलेला मासा मला दिला, जो ती सख्ख्या भावालाही देत नाही.

अम्मी दारात बसली. एसटी यायची वेळ झाली की ती उठून रस्त्यापर्यंत जायची. गडचिरोलीची बस, मूलची बस, आष्टीवरून येणारी. उतरणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायांकडे आधी बघायची, भाई जरा फेंगडा चालायचा म्हणून. शेवटची बस येऊन गेली. शेवया तिने झाकून ठेवल्या.

“एका दिवसात नसतं होत,” मी म्हणाले.

“नसतं,” ती म्हणाली. “लांबून यायचं असेल.”

दुसऱ्या दिवशीही शेवया. नंतर शेवया करणं तिने सोडलं, पण दारात बसणं नाही. आता रोज झोप हवी होती, कारण रोज उठायचं होतं, आणि अर्ध्या गोळीला तिचं शरीर जुमानेना. तिने एक घेतली, मग आणखी. आम्हाला सांगायची नाही. दिवसा तिचे शब्द एकमेकांना चिकटू लागले. मला एकदा ‘इर्शाद’ म्हणून हाक मारली आणि लक्षातसुद्धा आलं नाही तिच्या. मी ‘ओ’ दिली.

एका पहाटे अब्बा मशिदीत जायला उठले तर अम्मी सजद्यात होती. कपाळ जमिनीला टेकलेलं, हात दोन्ही बाजूंना. त्यांना वाटलं, पढते आहे. सजद्यातल्या माणसाला हलवत नाहीत. ते गेले, नमाज पढून आले, ती तशीच. मी उठले, तोंड धुतलं, ती तशीच. मी खाली वाकून पाहिलं तर तोंडातून लाळ वाहून मुसल्ला भिजला होता. “अम्मी.” ढकललं तर ती तशीच्या तशी एका कुशीवर कलंडली, गुडघे पोटाशी, तान्ह्या लेकरासारखी.

कलाबाईने जीप मिळवली. गडचिरोलीला नेलं. दवाखान्यात नळ्या घातल्या, काय काय केलं. डॉक्टर अब्बांवर ओरडले की ही मरता मरता राहिली, बाईने जीव द्यायला गोळ्या खाल्ल्या का? अब्बा म्हणाले, “नाही साहेब, नमाज पढायला.” डॉक्टरांना वाटलं, म्हातारा वेडा आहे.

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. माझ्या आतलं सगळं एकदम वर आलं.

“त्या मौलानांचं नाव काय होतं?” मी म्हणाले. “मी त्यांना पत्र लिहिणार आहे. मी नागपूरला जाऊन सगळ्यांसमोर विचारणार आहे त्यांना. असं कोणी सांगतं का? जागून पढलेलं चालत नाही म्हणे! अम्मीचं काय चुकलं होतं? तिने झोप लपवून ठेवली होती का पेटीत?”

अब्बा त्यांच्या हातांकडे बघत होते. बोटांवर सुईचे जुने टोचे असतात त्यांच्या.

“त्यांनी तसं सांगितलं नव्हतं,” ते म्हणाले.

“मी ऐकलं. माझ्या कानांनी.”

“तू ‘मात्र’पर्यंत ऐकलंस. मी पुढे बसलो होतो. लाईन गेल्यावर पण ते बोलले.” त्यांनी बोटावरचा एक टोचा अंगठ्याने घासला. “म्हणाले, मात्र ज्याला दुःख झोपू देत नाही, तो जागून जे पढेल ते अल्लाहकडे तसंच पोचतं. नाव वेगळं आहे इतकंच. त्या बाईला सांगा, तिची एकही रात्र वाया गेलेली नाही.”

मी बाकावरून उठले.

“आणि तुम्ही सांगितलं नाही?”

“रस्त्यात सांगणारच होतो. पण ती म्हणाली, आता मी झोपीन.” अब्बांचा आवाज फाटला. “शगू, तिच्या तोंडून झोपायचं नाव निघालं पहिल्यांदा. मला वाटलं, खोट्या कारणाने का होईना, झोपू दे. एकदा झोप लागली की मग सांगू. मी गादी भरली. मला वाटलं, गादीनं…”

मी त्यांच्यावर रागावले. आता लिहिताना त्यांचे हात आठवतात, पण तेव्हा फक्त रागावले. मी म्हणाले, मी अम्मीला सांगणार. ते म्हणाले, नको बेटा, थांब. मी म्हणाले, का थांबू? खरं आहे, चांगलं आहे, तिला आनंद होईल. खरी गोष्ट मोठ्याने बोलावी, याच्यावरच तर मला बक्षीस मिळालं होतं.

अम्मीला दुपारी शुद्ध आली. तिला आधी पाणी पाजलं. मग मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, एका दमात, अब्बा दारात उभे असताना.

“सगळ्या पोचल्या, अम्मी! तुझ्या सगळ्या रात्री! एकही वाया गेली नाही, मौलानांनीच सांगितलं!”

तिचे ओठ सुकले होते. तिने वरच्या पंख्याकडे पाहिलं. तो फिरत नव्हता.

“सगळ्या?” ती म्हणाली.

“सगळ्या!”

“पहिल्या दिवसापासून?”

“पहिल्या दिवसापासून!”

तिने मान हलवली, अगदी थोडी. “मग अल्लाहने ऐकलं होतं,” ती म्हणाली. “सगळं ऐकून घेतलं होतं. मग नाहीच येणार इर्शाद.”

आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

अब्बांनी मला दारातून पाहिलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आणल्यावर तिने मुसल्ला धुतला, वाळवला, घडी करून पेटीवर ठेवला. पाच वेळच्या नमाजा ती पढते, मदरशातल्या पोरी पाठ म्हणतात तशा, आणि हात वर करून मागायची वेळ आली की मुसल्ला गुंडाळते. मागत काहीच नाही. गोळ्या नाहीत. झोपही नाही. ती अब्बांच्या गादीवर सरळ पडते आणि छताकडे बघते, दिवा विझवून, आमची झोप मोडू नये म्हणून. एसटीची वेळ झाली की आता ती मागच्या दारी जाऊन बसते, बसचा आवाज येत नाही तिथं.

परवा शाळेत डिंपल म्हणाली, “आता तुह्या घरी दिवा नाई दिसत, बाबा सांगत होते. झोपून राह्यली वाटते तुही अम्मी. बरं झालं व माय.”

“हो,” मी म्हणाले. मला तिला खोटं सांगायचं नव्हतं, पण खरं सांगायचीही हिंमत झाली नाही.

मी बऱ्याच गोष्टी बोलून पाहिल्या घरी. अम्मी, कदाचित उत्तर अजून निघालं नसेल. अम्मी, सबर कर. अम्मी, भाई खरंच आंध्रात असेल, मजेत असेल. ती मला थांबवत नाही. ऐकते, मग म्हणते, “तू जेव.” माझे सगळे शब्द तिच्यापर्यंत जातात, पोचतात, आणि काही होत नाही. तेव्हा मला कळलं की तिला देवाबद्दल काय वाटत असेल.

मला भाईचा चेहरा आता नीट आठवत नाही. चालणं आठवतं, हसणं आठवतं, चेहरा नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आणि अम्मीचा चेहरा तर मी रोज बघते, रोज थोडा कमी होताना.

काल संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. वरण-भात होता. अम्मीने दोन घास खाऊन ताट सरकवलं. अब्बा तिच्या ताटाकडे बघत होते, आणि अम्मी कुठंच बघत नव्हती. मी माझं ताट बाजूला ठेवलं. पण मी उभी राहिले नाही, आवाज चढवला नाही. बसल्या बसल्या सांगितलं.

“अम्मी, अब्बा, ऐका. आजपासून तहज्जुद मी पढणार आहे. मला झोप येते, भरपूर येते, तेव्हा सोडायला माझ्याकडे आहे काहीतरी. आणि आत्ताच सांगून ठेवते, मग म्हणू नका की लपवलं. मी भाईला मागणार नाही. अम्मी, माझ्याकडे अशी बघू नकोस. तो तू मागितलास, माझ्याहून चांगला मागितलास. मी फक्त तुझी झोप मागणार आहे. एवढी एकच गोष्ट, रोज तीच, उत्तर येवो न येवो. अब्बा, मी सहजासहजी उठत नाही. हलवा, चिमटा काढा, तोंडावर पाणी मारा, पण मला उठवा.”